घुर्ये यांच्या सहा लक्षणांत खोत कुठे आहे?

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते; १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरीतच राहिले. त्यामुळे भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला, हे वाक्य इकडच्या व्याख्यानमालांत मी पुष्कळदा ऐकले आहे. ते खोटे नाही. पण ते वाक्य टाळ्या घेऊन संपते, आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. घुर्ये यांनी राजकारण, नीती आणि सार्वजनिक जीवन यांच्याविषयी जे लिहिले, त्यात हा जिल्हा कितीसा आहे?

मी समाजशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सत्तावीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले आणि त्या काळात संध्याकाळी वाचत राहिलो. १८२८ साली स्थापन झालेले रत्नागिरीचे नगर वाचनालय हेच माझे विद्यापीठ. घुर्ये यांच्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ची १९६९ची आवृत्ती मला मुंबईत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. ती मी चार वेळा वाचली आहे. खाली लिहिले आहे ते त्या वाचनातून आलेले आहे. ते अनादराने लिहिलेले नाही.

आधी त्यांचे मोठेपण नीट मांडले पाहिजे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, नगररचनेच्या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांच्या शिफारशीमुळे संस्कृतचे एम.ए. असलेले घुर्ये विलायतेला गेले. लंडनमध्ये थोडा काळ काढून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे पोचले. रिव्हर्स १९२२ साली वारले. घुर्ये यांनी पुढचे काम हॅडन यांच्या हाताखाली पूर्ण केले. १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्या खुर्चीवर राहिले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, के. एम. कापडिया, ए. आर. देसाई ही त्यांच्या हाताखालून गेलेली काही नावे. १९५१ साली त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी उभी केली. एका माणसाने एका विषयासाठी एवढे करावे, असे उदाहरण आपल्याकडे विरळच.

आणि नजर तीक्ष्ण. १९३२ साली ‘कास्ट अँड रेस’ प्रथम निघाले. त्यात पेशवाईतल्या पुण्याविषयीचा तपशील आहे: दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत महार-मांगांना वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. आज हा तपशील शाळकरी वक्तृत्व स्पर्धेतही सांगितला जातो. विद्यापीठाच्या पुस्तकात तो घुर्ये यांनी नोंदवला. दुसरे काम याहून मोठे. रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जात म्हणजे वंश असे ठरवले होते. घुर्ये यांनी तीच मापे पुन्हा मांडली आणि दाखवले की हे गणित फार तर उत्तर हिंदुस्थानात जुळते, महाराष्ट्रात जुळत नाही. आपल्याकडचा ब्राह्मण आणि आपल्याकडचा कुणबी हे दोन वंश नव्हेत. मालवणच्या सारस्वत घरातल्या माणसाने १९३२ साली हे सप्रमाण लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता माझी अडचण. घुर्ये यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणे सांगितली. समाजाचे तुकडे, त्यांची उतरंड, खाण्यापिण्याचे व व्यवहाराचे निर्बंध, नागरी व धार्मिक बाबतींतले विशेषाधिकार आणि बंदी, व्यवसाय निवडण्यावरची आडकाठी, लग्नावरची बंधने. समाजशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी आजही ही सहा पाठ करून परीक्षेला जातो. हिशेबनीसाच्या सवयीने मी त्यांच्यात जमीन शोधली. ती नाही. चौथ्या लक्षणात तिला जागा करता येते, पाचव्यातही ओढूनताणून बसवता येते. पण स्वतंत्र लक्षणाचा मान तिला मिळालेला नाही. १९५० साली पुस्तकाच्या नावात ‘क्लास’ आला, १९६१ साली ‘ऑक्युपेशन’ आला, १९६९ साली पहिले नाव परत आले. सहाची सहा तशीच राहिली.

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे खटकते, कारण इथे जात समजायची तर आधी खोत समजावा लागतो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खोत हा गावचा वंशपरंपरागत वसूलदार. सरकारचा सारा तो भरायचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपात वसूल करायचा. कुठे अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा, कुठे तिर्धेल. धारेकऱ्याचा धारा ठरलेला असे, त्याचे त्यातल्या त्यात बरे. कुळाचे काहीच ठरलेले नसे. वर वेठ. खोताच्या नांगरणीला जायचे, त्याचे घर शाकारायचे, त्याच्या घरी लग्न निघाले की लाकडे फोडायची. १८८० साली सरकारने खोतीचा कायदा केला तो कुळाला थोडे संरक्षण देण्यासाठी. पण खोत खोतच राहिला. खोत-कुळाच्या वादात लोकमान्य टिळकांची लेखणी खोतांच्या बाजूने चालली, आणि टिळक स्वतः दापोली तालुक्यातल्या चिखलगावच्या खोतांच्या घराण्यातले होते, हे इथल्या लोकांना सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडेही सोयीने विसरली जाते. सगळे खोत ब्राह्मण नव्हते. मराठे खोत होते, मुसलमान खोत होते, प्रभू होते. कुळांमध्ये कुणबी, महार, भंडारी तर होतेच, गरीब मराठेही होते. म्हणजे नुसती जातीची उतरंड घेऊन खोती उलगडत नाही, आणि नुसता ‘ब्राह्मण विरुद्ध ब्राह्मणेतर’ असा चष्मा लावूनही नाही. समाजशास्त्रज्ञाला याहून चांगला विषय कुठला? जात आणि जमीन एकमेकींत कशा गुंततात आणि कुठे सुटतात, हे एका गावाच्या खातेवहीत दिसले असते. विभागाकडे रत्नागिरी आली ती वेगळ्या वाटेने. इरावती कर्वे यांनी १९२८ साली एम.ए.साठी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. आणि घुर्ये यांनी पुढे एका गावाचा सविस्तर अभ्यास केला तेव्हा गाव निवडले पुण्याजवळचे लोणीकंद, कारण कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१९च्या सुमारास त्याचे वर्णन करून ठेवले होते. तुलनेला जुना कागद हाताशी होता, हे कारण सयुक्तिक आहे. पण जुने कागद खोतांच्या माडीवरही होते.

जमीन वगळल्याचा परिणाम पुस्तकाच्या शेवटाकडे दिसतो. तिथे घुर्ये समकालीन राजकारणाकडे वळतात आणि त्यांचा सूर बदलतो. इतका वेळ पुरावे मोजणारा अभ्यासक नीतीच्या भाषेत बोलू लागतो. त्यांचा युक्तिवाद असा: इंग्रजांच्या शिरगणतीने जातींची प्रतवारी छापली, त्यामुळे जाती जाग्या झाल्या, जातिसंस्था परस्परांवरच्या अवलंबनाची होती, ती सुटली आणि प्रत्येक जात आपापल्या अभिमानाची छावणी बनली, स्वतंत्र प्रतिनिधित्व आणि नोकऱ्यांतल्या राखीव जागा या अभिमानाला खतपाणी घालतात, यावर उपाय एकच, राज्याने जातीकडे दुर्लक्ष करावे आणि समाजाने मिश्रविवाहाकडे जावे. जोतीराव फुल्यांची आणि सत्यशोधक समाजाची ते आदराने नोंद घेतात. शाहू महाराजांच्या खटपटीने ही चळवळ राजकारणात आली आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत राखीव प्रतिनिधित्व मिळाले, हेही सांगतात. पण मुंबई कायदेमंडळात ‘मराठा व तत्सम’ जातींना मिळालेल्या सात जागा त्यांच्या लेखी सार्वजनिक नीतीच्या घसरणीचे लक्षण ठरतात.

शिरगणतीविषयीचे त्यांचे निरीक्षण मला मोलाचे वाटते. पुढे पन्नास वर्षांनी परदेशी विद्वानांनी तेच मोठ्या गाजावाजाने मांडले. त्यांची शंकाही केवळ उच्चवर्णीयाची म्हणून झटकता येणार नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० साली बहुजन पक्ष काढला आणि त्याच वर्षी मराठ्यांसाठी राखलेल्या जागेवर उभे राहायचे नाकारून सर्वसाधारण जागा लढवली. ते पडले. जातवार मतदारसंघांना त्यांचा विरोध होता, आणि अस्पृश्यतानिवारणासाठी तेव्हा त्यांच्याइतकी झिजलेली माणसे थोडीच होती.

फरक आहे तो वेगळाच. शिंदे यांची शंका स्वतः किंमत मोजून आलेली आहे. घुर्ये यांची खुर्चीवरून आलेली आहे. शिंदे यांचे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ १९३३ साली, घुर्ये यांच्या पुस्तकानंतर वर्षभराने निघाले. मराठीत. इतिहास, भाषा, लोकवस्ती, स्वतः केलेली पाहणी, सगळे त्यात आहे. विद्यापीठाच्या व्याख्येत ते समाजशास्त्र कधी बसले नाही. लिहिणाऱ्याकडे खुर्ची नव्हती. घुर्ये यांनी जन्मभर इंग्रजीत लिहिले, त्यामुळे ते जगाला कळले आणि मालवणला कळले नाहीत.

घुर्ये यांच्या युक्तिवादातली खरी फट मला अशी दिसते. एखादी जात मामलेदार कचेरीतल्या नोकऱ्यांत वाटा मागते तेव्हा तो जातीचा अभिमान. पण ती कचेरी आधीपासून मोजक्या घरांच्या ताब्यात आहे, त्याला मात्र नाव नाही. जे मागतात त्यांची नीती तपासली जाते, ज्यांच्याकडे आहे त्यांची सवय म्हणून सोडून दिली जाते. सहा लक्षणांत जमीन असती तर असे झाले नसते. मग विचारावे लागले असते की ज्या घरात वसुलाची वही आहे, त्याच घरातला मुलगा वकील होतो आणि भाऊ लोकलबोर्डात बसतो, त्या घराचे सार्वजनिक जीवन कुठल्या नीतीवर उभे आहे?

त्याच वर्षांत रत्नागिरीत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. घुर्ये विभागप्रमुख झाले त्या १९२४ सालीच सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध म्हणून आले आणि १९३७पर्यंत राहिले. सहभोजने झाली, शाळांत मुले एकत्र बसवण्याची खटपट झाली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ भंडारी समाजातले, मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले. सार्वजनिक नीतीचा हा एक मोठा प्रयोग होता, आणि घुर्ये यांच्या तिसऱ्या आणि सहाव्या लक्षणांवर, म्हणजे जेवणावर आणि लग्नावर, तो नेमका बोट ठेवत होता. एकमेकांशी संबंध नसलेली ही दोन माणसे एकाच ठिकाणी थांबतात, हे मला पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना जाणवले. पंक्तीला शेजारी बसलेला कुणबी दुसऱ्या दिवशी खोताच्या खळ्यावर अर्धेल मोजत होता. देवळाच्या पायरीवर हा प्रश्न येत नाही.

तो आणला आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, जिल्हा रत्नागिरी. बालपणाचा काही काळ दापोलीला गेलेला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवर निबंध वाचला, त्यात सगळा भर जातीबाहेर लग्न न करण्यावर आहे. म्हणजे तिथे ते आणि घुर्ये फार दूर नाहीत. पण १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्याच आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोतांना भरपाई द्यावी आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीचे थेट खातेदार करावे, असा त्याचा गाभा. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३पासून नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चालूच होता. जानेवारी १९३८मध्ये कोकणातली हजारो कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेली. कुणबी, आगरी, महार एकत्र. जातींच्या अभिमानाच्या छावण्या झाल्या, असे विद्यापीठ सांगत होते तेव्हा त्या छावण्यांतली माणसे एका मागणीसाठी एका रस्त्यावर चालत होती. विद्यापीठाच्या इमारतीपासून तो रस्ता लांब नव्हता.

विधेयक पुढे गेले नाही. तेव्हाचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा हाच शब्द होता) बाळासाहेब खेर, जन्म रत्नागिरीचा. खोती शेवटी १९४९च्या कायद्याने गेली, तेव्हाही खेरच मुख्यमंत्री होते. म्हणजे खोती उठवण्याचे विधेयक मांडणारा, ते बाजूला ठेवणारा आणि बारा वर्षांनी तसाच कायदा करणारा, सगळे या एका जिल्ह्याशी नाते सांगणारे. आणि भारतातल्या समाजशास्त्राची सर्वांत महत्त्वाची खुर्चीही याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाकडे. पुस्तकाच्या १९५०च्या आवृत्तीत खोतीसाठी स्वतंत्र प्रकरण आले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: एका अभ्यासकाने सगळेच का लिहावे? घुर्ये संस्कृतचे पंडित, ग्रंथ हा त्यांचा मूळ पुरावा. शिवाय ए. आर. देसाई यांच्यासारख्या पक्क्या मार्क्सवाद्याला त्यांनीच पीएच.डी. करू दिली. राष्ट्रवादाची मुळे जमीन, व्यापार आणि वर्ग यांच्यात शोधणारा देसाईंचा ग्रंथ १९४८ साली निघाला. आपल्या मताच्या उलट मत आपल्याच विभागात वाढू देणारा प्रमुख आज दाखवा म्हटले तर मला पटकन नाव सुचणार नाही. हे मी मनापासून मान्य करतो. माझी तक्रार घुर्ये यांनी काय लिहिले नाही एवढीच असती तर हा लेख लिहिलाच नसता. तक्रार आहे ती न पाहता निवाडा दिल्याची. लग्नाविषयी बोलताना ते शंभर दाखले देतात. राखीव जागांविषयी बोलताना नीतीचा एक दंडक पुरतो.

हा दंडक कधीतरी विद्यापीठाच्या स्वतःच्या दारातही येणार होता. १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचा आरोप झाला. एक अनुत्तीर्ण उमेदवार उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. त्या वर्षअखेरच्या निकालपत्रात सार्वजनिक जीवनातल्या नीतीची घसरण आणि ते जीवन स्वच्छ करण्याची गरज यांवर न्यायमूर्तींनी आवर्जून लिहिले. इथे राखीव जागा नव्हती, जातीचा अभिमान नव्हता, छावणी नव्हती. होती ती सत्तेजवळ असण्याची सवय. घुर्ये हे पाहायला नव्हते, ते १९८३च्या अखेरीस वारले. पण त्या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते ते समाजशास्त्रज्ञ, माधव सदाशिव गोरे.

गोरे यांच्याविषयी मी जास्त लिहायला हवे होते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो: १९८६ साली कुलगुरुपद संपल्यावर त्यांनी जी पुस्तके लिहिली त्यांचे विषय पाहा. १९८९ साली महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळ. १९९० साली विठ्ठल रामजी शिंदे. १९९३ साली आंबेडकरांचा सामाजिक-राजकीय विचार. ज्यांना १९३२ साली नीतीच्या दंडकाने मोजले गेले, त्यांच्याकडे एक समाजशास्त्रज्ञ साठ वर्षांनी त्यांचेच म्हणणे ऐकायला गेला. गोरे यांची शैली कोरडी आहे, कधी कधी अहवालासारखी. तरीही ब्राह्मणेतर चळवळीवरचे त्यांचे पुस्तक घुर्ये यांच्या शेवटच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावे. एकाच्या पुस्तकात माणसे मागणी करतात, दुसऱ्याच्या पुस्तकात ती मागणी का करतात तेही येते.

तीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी स्थानिक निवडणुकांवरच्या प्रकल्पाची प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आली होती. जात, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, मतदानाचा आधार, ‘राजकारणात नीतिमत्ता उरली आहे असे वाटते का’ असे एकूण बत्तीस प्रश्न. जमिनीचा प्रश्न होता, पण किती गुंठे एवढाच. मी तिला तेहतिसावा सुचवला: तुमच्या सातबाऱ्यावर तुमच्या आधी कोणाचे नाव होते? तिच्या मार्गदर्शकांनी तो विषयाच्या कक्षेबाहेरचा म्हणून खोडला. मुलगी हुशार. तिने छापील कागदात तो घातला नाही, पण संगमेश्वरकडच्या दोन वाड्यांत तोंडी विचारला. परत आली ती वही भरून. कुठे १९५७च्या कृषकदिनापूर्वीच कुळाकडून राजीनामा लिहून घेतलेला, कुठे नाव लागले पण आंब्याची झाडे खोताकडेच राहिलेली, कुठे अजून तहसीलदारापुढे तारखा. आणि जवळजवळ प्रत्येक घरात, जुन्या खोताच्या घरातला उमेदवार कोणत्या साली कोणत्या पक्षाकडून उभा होता, हे न विचारता सांगितलेले.

ती वही प्रकल्पाला जोडलेली नाही. मी तिच्याकडून मागून घेतली आहे आणि सध्या तिची नीट नक्कल करतो आहे. अठरा पाने झाली आहेत.